११ किलोचं स्पिटफायर मॉडेल हवेत नाक उचलतंय, सीजी (गुरुत्वमध्य) की ट्रिम? कुठून सुरुवात करू?

निळंआभाळ

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी माझ्या स्पिटफायरचं पहिलं उड्डाण झालं. विमान घरी परत आलं हेच खूप वाटतंय, पण पुन्हा उडवायच्या आधी तुमचा सल्ला हवाय.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, १/५ स्केलचं, पंखांची लांबी २२५ सेंमी, ५५ सीसी पेट्रोल इंजिन, टाकी रिकामी असताना वजन ११.४ किलो. दीड वर्ष रोज रात्री जेवणं झाली की बसून बनवलंय. रंग बर्मा आघाडीचे, आपल्या हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनने १९४४ मध्ये व्हेंजन्स बॉम्बर सोडून स्पिटफायर घेतली त्या वेळचे, म्हणजे पंखावरच्या चक्रातला लाल काढून टाकलेला कारण जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत व्हायची. त्या रंगासाठीच या विमानाला एवढा जीव लावलाय.

तर झालं असं की टेकऑफला डावीकडे ओढ होती ती रडरने (शेपटावरच्या उभ्या हलत्या भागाने) सांभाळली, पण चाकं सुटल्या सुटल्या नाक वर. एलिव्हेटरने (शेपटावरच्या आडव्या हलत्या भागाने) डाऊन दिला तर खाली बुडी, सोडला तर परत वर. डाऊन ट्रिम (काडी मधे असतानाही राहणारा थोडा कल) देत देत जवळपास शेवटापर्यंत गेलो तेव्हा कुठे जरा सरळ उडायला लागलं. चाकं आत घेतल्यावर आणखीच नाजूक झालं, आणि सात-आठ मिनिटांनी उतरायला आलो तेव्हा तर सुरुवातीपेक्षाही वाईट, एलिव्हेटरची काडी नुसती हलवली तरी उडी मारायचं. शेवटी फ्लॅप (पंखामागचे खाली उतरणारे भाग) टाकून येताना उजवा पंख पडला, जमीन तीन-चार फुटांवर होती म्हणून बचावलं, एका रिट्रॅक्टचा (आत जाणाऱ्या चाकाचा) माउंट तुटला तेवढंच.

सीजी बघितला होता हो. प्लॅनवर लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) १४० मिमी दिलाय. मी आणि भावाने दोन्ही बाजूंनी पंखाखाली बोटं लावून उचललं, नाक किंचित खाली झुकत होतं. म्हणजे सीजी बरोबर होता ना? मग एलिव्हेटरचा थ्रो (तो किती हलतो ते) कमी करू, एक्स्पो (काडी मधे असताना कमी प्रतिसाद) वाढवू, की शेपटाचा अँगल बदलू?

रनवे२७

सरळ नाकात अर्धा किलो शिसं घाला. स्पिटफायरचं नाक आखूड असतं, सगळ्यांनाच घालावं लागतं. नाकजड विमान नीट उडत नाही पण परत येतं, शेपूटजड विमान एकदाच उडतं.

पेट्रोलपंखा

शिसं लागेलच, पण अर्धा किलो का, पाऊण का नाही, पाव का नाही? अंदाजाने घालू नका, आधी मोजा. आणि तोपर्यंत थ्रो, एक्स्पो, शेपटाचा अँगल यातल्या कशालाही हात लावू नका. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की पुढच्या उड्डाणात काय कशामुळे झालं ते देवालाही सांगता येणार नाही.

तुमचं वर्णन वाचून मला तरी सरळ शेपूटजड दिसतंय. सुरुवातीला वाईट आणि पेट्रोल संपत आलं तसं जास्त वाईट, ही खूण फार महत्त्वाची आहे. टाकी पुढे असते, ती रिकामी होत गेली की नाक हलकं होत जातं. चाकं आत घेतल्यावर बिघडलं तेही त्याच हिशोबात बसतं. स्पिटफायरची चाकं बाहेरच्या बाजूला दुमडतात, पण खाली असताना ती पंखाच्या पुढच्या कडेशी असतात आणि आत गेल्यावर मुख्य स्पारच्या (पंखातल्या तुळईच्या) मागे जातात. एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये तेवढ्यानेही सीजी ५-६ मिमी मागे सरकतो.

आता मला दोन गोष्टी सांगा. एक, बोटं पंखाखाली नक्की कुठे लावली होती, फ्यूजलाजशेजारी (धडाशेजारी) की बाहेर? आणि दोन, त्या वेळी टाकीत पेट्रोल होतं का?

११ किलोचं विमान बोटांवर तोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोटाच्या पेराची रुंदीच पंधरा मिमी, शिवाय हात थरथरतात. तीन वजनकाटे घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा शेपटाला चालेल, पुढच्या दोन चाकांना दहा किलोपर्यंतचे. पार्सलवाले वापरतात ते स्वस्तात मिळतात. जमीन सपाट हवी, टाकी रिकामी, चाकं खाली, बॅटऱ्या, कॉकपिट, हॅच सगळं जागेवर. शेपटाच्या काट्याखाली स्टूल लावून विमान उडताना असतं तसं समतळ करा. हे विसरू नका, शेपूट जमिनीवर ठेवून मोजलंत तर आकडा चुकीचा येतो. मग पुढच्या चाकांच्या ॲक्सलपासून शेपटाच्या चाकाच्या ॲक्सलपर्यंतचं आडवं अंतर मोजा, आणि पुढचं ॲक्सल लीडिंग एजच्या किती पुढे किंवा मागे आहे तेही ओळंबा सोडून मोजा. सगळे आकडे इथे टाका.

निळंआभाळ

धन्यवाद पेट्रोलपंखा दादा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी दोन काटे दिले रात्रीपुरते.

डावं चाक ४.७१ किलो, उजवं ४.८३, शेपूट १.८६. एकूण ११.४०. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर ११५० मिमी. पुढचं ॲक्सल मुळाशी, म्हणजे पंख धडाला मिळतो तिथे, लीडिंग एजच्या १५ मिमी पुढे आहे.

बोटं फ्यूजलाजपासून बरीच बाहेर लावली होती, मधल्या रेषेपासून ६० सेंमीवर असतील, तिथेच दोघांना नीट पकडता येत होतं. आणि हो, टाकी भरलेली होती, साधारण ७०० मिली. मला वाटलं विमान उडतं पेट्रोल भरूनच, मग भरूनच बघावं.

पेट्रोलपंखा

मग उत्तर सापडलं. सविस्तर लिहितो कारण स्पिटफायर बनवणाऱ्या प्रत्येकाला याचा उपयोग होईल.

आधी सीजी कुठे आहे ते. शेपटाचं वजन गुणिले अंतर भागिले एकूण वजन. १.८६ गुणिले ११५० भागिले ११.४ म्हणजे साधारण १८८. सीजी पुढच्या ॲक्सलच्या १८८ मिमी मागे. ॲक्सल लीडिंग एजच्या १५ पुढे, म्हणून लीडिंग एजपासून १७३. प्लॅन म्हणतो १४०. तुम्ही ३३ मिमी मागे आहात.

आता प्लॅनचा आकडा तरी बरोबर का, तेही बघू. खऱ्या विमानात मुळाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) अडीच मीटरच्या आसपास, तुमच्या मॉडेलला ५०८ मिमी असेल. लंबवर्तुळाकार पंखाची सरासरी कॉर्ड काढायला मुळाची कॉर्ड गुणिले ०.८५ करायची, म्हणजे साधारण ४३० मिमी. स्पिटफायरच्या पंखात पाव कॉर्डची रेषा जवळपास सरळ जाते, त्यामुळे सरासरी कॉर्डचा २५ टक्क्यांचा बिंदू मुळाशी मोजला तर १२७ मिमीवर येतो आणि ३० टक्क्यांचा १४९ वर. प्लॅनचे १४० म्हणजे २८ टक्के, उत्तम. तुमचे १७३ म्हणजे जवळपास ३६ टक्के. एवढ्या मागे सीजी असताना तुम्ही ते विमान आठ मिनिटं हवेत ठेवलंत आणि खाली आणलंत, हात चांगला आहे तुमचा.

३३ मिमीची चूक आली कुठून? प्लॅनवरचे १४० मुळाशी मोजायचे आहेत. स्पिटफायरची पुढची कड बाहेर जाता जाता मागे वळत जाते. मधल्या रेषेपासून ६० सेंमीवर ती मुळापेक्षा २० मिमी मागे असते. तिथून १४० मोजलेत म्हणजे मुळाच्या हिशोबात १६० वर तोललंत. वरून टाकी भरलेली. अर्धा किलो पेट्रोल इतकं पुढे असलं की सीजी तेरा-चौदा मिमी पुढे दिसतो, आणि पेट्रोल जळलं की तेवढाच मागे येतो. वीस आणि तेरा मिळून तेहेतीस. सरळ चौकोनी पंखाच्या ट्रेनरवर यातली पहिली चूक होतच नाही, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला ती कधी दिसली नसेल.

सीजी नेहमी टाकी रिकामी ठेवून बघायचा, कारण उतरताना विमान तसंच असतं.

आता शिसं. काउलच्या (इंजिनच्या आवरणाच्या) आत पुढच्या रिंगला लावलंत तर ते लीडिंग एजच्या साधारण ३३० मिमी पुढे, म्हणजे हव्या त्या सीजीपासून ४७० मिमी. ११.४ गुणिले ३३ भागिले ४७० म्हणजे ८०० ग्रॅम. खूप झालं. त्याआधी बॅटऱ्या कुठे आहेत ते सांगा.

निळंआभाळ

सगळं डोक्यात बसलं. खरंच खूप आभार, तीन रात्री झोप नव्हती.

बॅटऱ्या कॉकपिटच्या मागे आहेत, हॅचमधून चार्ज करायला सोपं पडतं म्हणून. रिसिव्हरच्या दोन आणि इग्निशनची एक, मिळून ४५० ग्रॅम. हव्या त्या सीजीच्या २५० मिमी मागे येतात.

पेट्रोलपंखा

त्या उचला आणि इंजिन बॉक्सच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे सीजीच्या ३०० मिमी पुढे न्या. ४५० ग्रॅम ५५० मिमी पुढे सरकले की सीजी जवळपास २२ मिमी पुढे येतो. उरले ११. त्याला २७५ ग्रॅम शिसं पुरतं. पाऊण किलोच्या वर मेलेलं वजन वाहून नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बदल झाल्यावर परत काट्यावर ठेवा, शेपूट १.५७ किलोच्या आसपास दिसलं पाहिजे.

आडवा तोलही तुमच्याच आकड्यांत आहे बघा. उजवं चाक १२० ग्रॅमने जड. चाक मधल्या रेषेपासून १७४ मिमीवर, आणि पंखाचं टोक १०८० वर धरलं तर डाव्या टोकात २० ग्रॅम घातले की झालं. मफलर उजवीकडे असेल तुमचा.

तांबडीमाती

एक काळजी घ्या. रिसिव्हरच्या बॅटऱ्या पुढे नेल्या तरी रिसिव्हर स्वतः मागेच राहू द्या, इग्निशन बॉक्सपासून निदान फूटभर लांब. वायर वाढवाल तेव्हा जाड वापरा, बारीक एक्स्टेन्शनमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोठे डिजिटल सर्व्हो (कंट्रोल हलवणाऱ्या मोटरी) एकदम हलले की जाणवतं. पुढे व्हायब्रेशन जास्त, त्यामुळे बॅटऱ्यांखाली फोम आणि वरून दोन-दोन पट्टे. इंजिन बंद आणि चालू अशी दोन्ही वेळा रेंज टेस्ट करा.

शिसं डबल टेपने चिकटवू नका, हात जोडून सांगतो. आमच्या मैदानावर एकाचं शिसं सुटून काउल फोडून बाहेर आलं होतं. भोकं पाडून बोल्टने आवळा, नायलॉक नट, वरून इपॉक्सी.

रनवे२७

माझा अर्धा किलो चुकला असता म्हणजे. बॅटऱ्या न हलवता पाचशे ग्रॅम घातले असते तर सीजी १५२-५३ वर थांबला असता आणि परत तीच तक्रार. काटे आजच मागवतो, माझं मस्टँगही मी बोटांवरच तोललंय.

बाल्साकाका

मुलांनो, मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनवर (तारेला बांधून उडवायच्या विमानांवर) शिकलो, तेव्हा दोरीला विमान टांगून तोलायचो. मोजमापाचं पेट्रोलपंखांनी उत्तम सांगितलंय, मी हवेतल्या ट्रिमबद्दल लिहितो.

निळंआभाळ, पहिल्या उड्डाणातले सगळे ट्रिम शून्यावर आणा. ते आकडे शेपूटजड विमानाचे होते, आता त्यांचा उपयोग नाही. एलिव्हेटर हातानेच स्टॅबिलायझरच्या (शेपटाच्या स्थिर आडव्या भागाच्या) रेषेत करा. जमिनीवर दोन्ही फ्लॅप पट्टीने मोजा, अर्ध्यावर आणि पूर्ण उतरल्यावर दोन्ही वेळा. उजवा पंख पडला त्यात वीस ग्रॅमचा वाटा असेलही, पण फ्लॅप एक-दोन अंशाने जरी कमीजास्त असले तरी हळू वेगात तेच होतं. दोन्ही पंखांचा पीळही बघा. खऱ्या स्पिटफायरला मुळाशी दोन अंश वर आणि टोकाला अर्धा अंश खाली असा पीळ होता, म्हणून मुळाचा पंख आधी स्टॉल व्हायचा (उचल गमवायचा), विमान थरथरायचं आणि वैमानिकाला वेळ मिळायचा. मोबाइलवरचं अँगल मीटर पुरेसं आहे. डावा-उजवा सारखा हवा, हे मूळ आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

हवेत गेल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त गोल फिरवा, थ्रॉटल अर्ध्याच्या थोडं वर. ग्रीन झोन (ड्रोन नियमांतला मोकळा भाग) असला तरी ४०० फुटांची मर्यादा आहे, त्यातले साडेतीनशे वापरा, उंची हाच आपला विमा. आधी एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचे हलते भाग), मग एलिव्हेटर, शेवटी रडर. ट्रिमची बटणं दाबताना शेजारी कुणाला तरी उभं करा, विमानावरची नजर काढायची नाही. उतरल्यावर जेवढा ट्रिम लागला तेवढे क्लेव्हिसचे (कंट्रोलच्या सळईच्या टोकावरच्या जोडाचे) आटे फिरवा आणि ट्रिम परत मधे आणा.

ते झालं की पुढच्या उड्डाणात डाइव्ह टेस्ट. सरळ उडताना थ्रॉटल कमी करा, तीस अंश नाक खाली, काडी सोडा. आपणहून हळूहळू नाक वर येत असेल तर छान. झटकन वर आलं तर नाकजड. आणि जर बुडी आणखी खोल होत गेली तर लगेच बाहेर काढा आणि उतरा, सीजी अजून मागे आहे. वॉरबर्डला (लढाऊ विमानाच्या मॉडेलला) थोडं नाकजडच बरं, एरोबॅटिक विमानासारखं तोलायला जाऊ नका. सरळ उडताना एकदम थ्रॉटल बंद करूनही बघा. नाक हळू खाली गेलं तर ठीक, परत थ्रॉटल वाढवताच नाक वर उसळत असेल तर इंजिनला डाऊन थ्रस्ट (खालच्या बाजूला कल) कमी आहे, एकेक वॉशर घालत जा.

टेकऑफची डावी ओढ मात्र ट्रिमने घालवायला जाऊ नका. ती पंख्याच्या फिरण्याने आणि शेपूट वर येताना होणाऱ्या जायरोच्या परिणामाने होते, वेग आला की कमी होते. थ्रॉटल चार-पाच सेकंद घेऊन वाढवा, उजवा रडर तयार ठेवा, शेपूट घाईने उचलू नका. इंजिनला दोन अंश उजवा थ्रस्ट आहे ना ते बघा. ग्रिफन इंजिनची खरी स्पिटफायर उलट, उजवीकडे ओढायची. आधीच्या मर्लिन इंजिनवाल्यांवरून त्यांच्यावर गेलेल्यांना ती सवय मोडावी लागे.

तांबडीमाती

काकांच्या प्रत्येक ओळीला +१. माझ्याकडून उन्हाचा मुद्दा. तुम्ही पुण्याच्या बाजूला उडवता असं तुमच्या आधीच्या धाग्यात वाचल्यासारखं आठवतंय. पुणं साडेपाचशे मीटरवर, त्यात दुपारी ३८ डिग्री म्हणजे हवा दीड हजार मीटर उंचीवर असते तेवढी विरळ. पंखाचं क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर, वजन ११.७ धरा, समुद्रसपाटीला साधारण ४७-४८ किमीला स्टॉल होईल. पुण्याच्या दुपारी तेच ५१ च्या पुढे. आणि साठ अंश कललेल्या वळणात सगळं १.४ पट, म्हणजे ७२. आपली नजर जमिनीवरच्या वेगाला सरावलेली असते, विमान नेहमीसारखंच येतंय असं वाटतं आणि शेवटच्या वळणात पंख पडतो. सकाळी सातला जा, आणि ते वळण रुंद घ्या.

निळंआभाळ

उशिरा लिहितोय, माउंट नवा बसवायला वेळ गेला.

बॅटऱ्या पुढे, २७५ ग्रॅम शिसं बोल्टने, डाव्या टोकात २० ग्रॅम. काट्यावर शेपूट १.५७ आलं, दादांनी सांगितलं होतं तेवढंच, मी आणि भाऊ एकमेकांकडे बघतच राहिलो. फ्लॅपमध्ये काकांचं खरं निघालं, पूर्ण उतरल्यावर डावा उजव्यापेक्षा ४ मिमी जास्त खाली जात होता. हॉर्नचं (फ्लॅप ओढणाऱ्या दांडीचं) भोक बदलून सारखे केले. पंखांचा पीळ दोन्हीकडे सारखा आहे.

आज सकाळी सव्वासातला उडवलं. शेपूट आपणहून वर येईपर्यंत थांबलो, उजवा रडर, आणि विमान असं सरळ निघालं की हे तेच विमान आहे यावर विश्वास बसेना. एलिव्हेटरला तीन क्लिक डाऊन, एलेरॉनला दोन. चाकं आत घेतल्यावर काहीही फरक जाणवला नाही. दुसऱ्या उड्डाणात डाइव्ह टेस्ट केली, काडी सोडल्यावर नाक इतकं सावकाश वर आलं की शेवटचं मलाच थोडं ओढावं लागलं. मग सूर्य मागे ठेवून एक लांब लो पास, खालून पंखाचा तो आकार दिसला तेव्हा घसा दाटला.

एकच राहिलंय. डाव्या वळणात नाक आधी उलट उजवीकडे सरकतं आणि मग वळतं, उजव्या वळणातही तसंच उलट. एलेरॉन वर-खाली दोन्हीकडे १८ मिमी सारखेच ठेवलेत.

बाल्साकाका

शाब्बास रे. ते एलेरॉनचंच. खाली जाणारा एलेरॉन जास्त ओढ निर्माण करतो म्हणून नाक उलट जातं. वर १८ ठेव, खाली ११ कर, आणि वळताना डाव्या अंगठ्याने थोडा रडर द्यायची सवय लाव. रिमोटमधलं एलेरॉन-रडर मिक्स नंतर बघू. आणि लो पासचा फोटो टाक.